नळीतून दिलेली आमटी

गुटखा सोडा म्हणून मी कुणाला सांगत न्हाई, फक्त आमच्या दादाचं जेवण सांगतो. थोरला भाऊ माझा. त्याचा निम्मा जबडा काढला. तोंडानं घोटभर पाणी जाईना, म्हणून नाकातून पोटापर्यंत नळी घातली. डब्यातली पावडर पाण्यात कालवून नळीत सोडायची, हेच त्याचं जेवण.

एकदा ओढ्याला पाणी आलं, पाटोद्याचा रस्ता बंद झाला अन् नेमका डबा संपला.

वहिनीनं सगळं घर धुंडाळलं. शिळी बाजरीची भाकरी, भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याचं थोडं येसर अन् एक केळं निघालं. तिनं लसणाची चरचरीत फोडणी देऊन येसराची आमटी केली. त्यात भाकरी कुस्करली, केळं घातलं, मिक्सरमधून काढलं अन् धोतराच्या फडक्यातून गाळायला घेतलं.

मी म्हणालो, "वहिनी, हे थेट पोटात जाणार. त्याला चव कुठं लागतीय? फोडणी कावून दिली?"

"वास तर येतो की, भाऊजी. एक नाकपुडी मोकळी हाय त्यांची."

आत बघितलं, तर दादा खाटेवर उठून बसलेला. डोळे मिटलेले, मान चुलीकडं.

पुढं डबे मिळाले, पण वहिनी आमटीच करायची. शेवटच्या दिवसांत तर त्याच्या पोटात पाणीही ठरत नव्हतं. तरी ती रोज खाटेजवळ शेगडी आणून लसणाची फोडणी करायची. ती फोडणी ज्यात घालायची, त्या भांड्यात काहीच नसायचं.