झाडांखालची अकरा घरं

निलम, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. डहाणूच्या ऑफिसात नव्या विकास आराखड्यावर हरकती घ्यायचा काल शेवटचा दिवस होता. रांगेत माझ्यापुढे कैनाडच्या बायजी मावशी, खिडकीत क्लार्क.

"साहेब, नकाशात आमचा पाडाच नाय. तिथं बाग दाखवलीय."

"मावशी, ड्रोननं वरून फोटो काढले. झाडंच दिसली."

"घरं झाडांखालीच हायेत. अकरा."

"मग नकाशावर तुमच्या घराला खूण करा."

"कुठं करू? सगळं हिरवं रंगवलंय."

"हिरवं म्हणजे चांगलंच की."

"बागेत आम्हाला राहू देणार?"

"बागेत कोण राहतं, मावशी?"

"म्हणजे झाडं तोडायची, मग आम्ही दिसणार?"

"तोडायला परवानगी लागते."

"सासऱ्यांनी लावलीत ती, घर तापू नये म्हणून. तुमचीच माणसं येऊन सांगतात, झाडं लावा."

"ते खातं वेगळं. हरकत लेखी द्या, पाचला खिडकी बंद होते."

पाचला सात मिनिटं होती. मावशींनी कोरा फॉर्म माझ्या हातात ठेवला. "तू लिही पोरी. यांना कळेल असं."

तू काय लिहिलं असतंस?