आधी सरपंचाच्या दारात

चौकशीचं काय सांगता राव! आमच्या मुरुमकडच्या गावात ऐन दुष्काळात सरपंच बदलला, तवाचं ऐका. जुने सरपंच तात्या निवडणुकीत पडले. त्यांच्यावर आरोप एकच, पण लई मोठा. सरकारी टँकर गावच्या आडात रिकामा व्हायच्या आधी तात्यांच्या हौदापाशी थांबायचा आणि बायका आडावर घागरी घेऊन ताटकळायच्या.

नवे सरपंच आप्पा पारावर उभे राहून गरजले, "सत्तेचा असला गैरवापर! चौकशी झालीच पायजे!" आमी टाळ्या वाजवल्या. तात्या तिथंच कडंला तंबाखू मळत बसलेले.

तेवढ्यात टँकर आला. आडाकडं न वळता सरळ पारासमोरच आप्पांच्या दारात जाऊन थांबला. आप्पांच्या कारभारणीनं पिपं आधीच मांडून ठेवली व्हती.

आप्पा ओरडले, "आरं, तिथं थांबायला कुणी सांगितलं?"

ड्रायव्हर म्हणाला, "सांगायला कशाला पायजे? आधी सरपंचाच्या दारात, हाच रिवाज हाय न्हवं?"

तात्यांनी तंबाखूची चिमूट तोंडात सोडली. म्हणाले, "आप्पा, पिपात पाणी पडायच्या आत चौकशी उरका. मग आरोपी दोघं व्हतील."