अंगात येण्याआधीचं घड्याळ

अगं, सासूबाईंचा संशयी स्वभाव आयुष्यात एकदाच माझ्या कामी आला, तोही तैवानमुळे. नवऱ्याला तेव्हा तैवानी सिनेमाचं वेड होतं. सासूबाई नागपूरहून लंडनला, ईलिंगच्या आमच्या घरी आल्या, तर हा त्यांनाही लायब्ररीतल्या डीव्हीडी दाखवायला लागला. पहिल्या सिनेमात तलवारी घेतलेली माणसं झाडांवरून उडत होती.

"दोरी आहे," सासूबाई म्हणाल्या.

दुसरी डीव्हीडी डॉक्युमेंटरीची होती, तिथल्या देवळातल्या उत्सवाची. एकाच्या अंगात देव आला आणि तो स्वतःच्याच पाठीवर तलवार मारून घ्यायला लागला. मी तर डोळेच मिटले.

"आई, हे मात्र खरं आहे हं," नवरा म्हणाला.

"रक्त खरं असेल. जरा मागे घे." त्याने मागे घेतलं. "हे बघ. घुमायच्या आधी घड्याळ काढून शेजारच्याला दिलं. देवाला कशाला घड्याळाची काळजी?"

पुढे इथल्या मराठी मंडळाचं नवरात्र आलं. तिथे शैलाताईंच्या अंगात देवी यायची, आणि त्या वर्षी देवीचा डोळा माझ्या नोकरीवर होता. "सुनेला घरी बसवा," असा आदल्याच दिवशी हुकूम झालेला, आणि नवरा चक्क विचारात पडलेला!

आरती सुरू झाली. शैलाताई डोळे मिटून घुमायला लागल्या. सासूबाई पुढे झाल्या, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "शैलाताई, चष्मा पडेल हं. द्या इकडे."

देवीने डोळेसुद्धा न उघडता चष्मा काढून त्यांच्या हातात दिला.