झिंग्याचं खानदान

प्राणिशास्त्र शिकवणाऱ्यानं घरी तोंड उघडू नये, हे मले झिंग्यानं शिकवलं. रायपूर नवंनवं छत्तीसगडची राजधानी झालं होतं अन् बाजारात ताजे झिंगे दिसले. हौसेनं पिशवी भरून चौबे कॉलोनीत घरी आलो, तर बायको म्हणते, "आज सोमवार आहे. मासोळी शिजणार नाही."

मी म्हटलं, "झिंगा मासोळी नाहीच. त्याले पाठीचा कणाच नसते."

ती जरा विचारात पडली. "मग आहे तरी काय?"

इथं गप्प बसाचं होतं. पण मी वर्गात असल्यासारखा बोललो, "संधिपाद. झुरळाच्या खानदानातला."

तिनं पिशवी उचलून शेजारच्या दीदीले देऊन टाकली.

जेवताना दीदीकडून लसणाच्या फोडणीचा वास येऊन राहिला होता. बायकोनं माझ्या ताटात दोडका वाढला अन् विचारलं, "याचं खानदान कोणतं?"

मी म्हटलं, "चांगलं आहे."