मंगळावरचा श्रावण

गळ्याची शपथ, तुम्हाला सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे, या डोळ्यांनी पाहिलंय... म्हणजे पाहिलं नाही, दार आतून बंद होतं, पण कानांनी ऐकलं. ऐकलं म्हणजे, मी तेव्हा परळला होतो, पण खरं ते खरंच ना!

तर कॉटन ग्रीनच्या एका जुन्या गोदामात मंगळ केलेला. लाल माती, पत्र्याचं घर, आत दोघं. एक आमच्या चाळीतला हितेंद्र, कमांडर, दुसरा शीव कोळीवाड्याचा जेसन, मेकॅनिक. आणि पृथ्वी कुठे? फणसवाडीत, दुसऱ्या मजल्यावर! तिथे मेघना मॅडम कानाला हेडफोन लावून. सराव कसला, तर संपर्क तुटल्यावर निभवायचं कसं याचा. नियम एकच, मुदतीआधी दार उघडलं की दोघंही बाद. टिकले तर लडाखच्या मोठ्या कॅम्पला! आणि या हितेंद्रने काय करावं? आधीच चाळीच्या तोंडावर स्वतःचा बॅनर, 'मंगळवीर'! आता बाद होऊन कुठल्या तोंडाने परत येणार?

मॅडम म्हणाल्या, "लाइन बंद करतेय. आतलं तुमचं तुम्ही बघा." खट्! संपर्क तुटला म्हणजे तुटला!

आणि तुटल्याबरोबर जेसनने काय काढावं? सुके बोंबील! आत हवा तीच तीच फिरतेय, आणि हा शेगडीवर बोंबील भाजतोय! हितेंद्र किंचाळला, "अरे माझा श्रावण आहे!" जेसन म्हणतो, "क्या मेन, मंगळावर श्रावण कुठला? इथे चंद्र दोन, तू कुठला धरतोस?" आता याला काय उत्तर आहे, तुम्हीच सांगा! म्हणून हितेंद्रने तापलेला तवा उचलून त्याच्या कपाळात घातला. जेसनने हेल्मेट फिरवून याचा पुढचा दात पाडला, याने त्याचा कान फोडला, त्याने याला उचलून पाण्याच्या टाकीवर आपटला, टाकी फुटली, रक्त, पाणी, लाल माती... त्या राड्यात दोघं एकमेकांचा गळा धरून! मॅडमना कळवणार कसं? संपर्क तुटला म्हणजे तुटला!

तेवढ्यात हितेंद्र केकाटला, "आई गंऽऽ!"

आता फणसवाडीला ऐकू गेलं नाही, पण भिंतीपलीकडे आमची चाळ! त्याची आई, कौसल्याकाकू, पहार घेऊन हजर. "कोण रे तो मेलो माझ्या झिलाक मारता? उघड दार!"

"आई, नको गं! ऑक्सिजन जाईल!"

"भायेर काय कमी आसा?"

आणि धाड्! पहार पत्र्यातून आत, बरोबर दोघांच्या डोक्यांमधून. तर काय सांगू, मघाशी एकमेकांचा जीव घेणारे ते दोघं खांद्याला खांदा लावून दाराला भिडले! अहो, हेच तर शिकायचं होतं! पण मालवणी आईपुढे पत्रा किती टिकणार? दार दोघांच्या अंगावर, वरून काकू, आणि पहार टाकून हाताने जेसनला असा बडवला की लाल मातीत त्याचा ठसा उमटला.

त्याच वेळी लाइन आली. "हॅलो मंगळ, सगळं ठीक?"

काकूंनी माइक ओढला, "मंगळ मोडलो! ठेव फोन!"

आता शपथ घेतलीय तर सांगून टाकतो, एवढंच काय ते खोटं... बोंबील जेसनचे नव्हते. हितेंद्रचेच! श्रावणात चोरून आणलेले, जेसनला एक तुकडा दिला नाही, म्हणून तर सगळी मारामारी. आणि काकूंनी जेसनला बोटही लावलं नाही हो. आत शिरताच पोराच्या तोंडाचा वास घेतला... पुढचे उरलेले तीन दात तिथे गेले.

बॅनर मात्र अजून आहे. त्यावर तो हसतोय, सगळे दात दाखवून.