फेसवाल्यांचं रक्त

(हॉस्पिटलच्या तळमजल्यावर रक्तपेढीची खिडकी. आत पेढीतली ताई. बाहेर अग्निशमन दलात आगीवर फेस मारायचा सराव शिकवणारे मास्तर आणि त्यांची बायको. वरच्या मजल्यावर, ऑपरेशन थिएटरात, त्यांची नुकतीच बाळंत झालेली मुलगी.)

ताई : मास्तर, पिशव्या घ्या आणि वर पळा. असे अडून काय बसलात?

मास्तर : दुसऱ्या नाहीत का?

ताई : दुसऱ्या म्हणजे?

मास्तर : म्हणजे दुसरीकडच्या. ह्या सोडून.

बायको : अहो, भाजी आहे का ही, निवडून घ्यायला? वर पोरीचं रक्त थांबत नाहीये. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धावत जा.

मास्तर : धावतच आलो ना.

बायको : आलात आणि खांब होऊन उभे राहिलात. ताई, द्या बघू माझ्याकडे.

ताई : कशा देऊ? त्यांनीच हात ठेवलाय वर. गट जुळवून झालाय, सगळं तपासून झालंय. हात काढा मास्तर.

मास्तर : आमच्या स्टेशनच्या शिबिरातल्या आहेत का ह्या?

ताई : शिबिर तुम्ही भरवता, माणसं तुम्ही आणता, आणि विचारता मला?

बायको : मग तर बरंच की. घरच्यासारखीच पोरं आहेत सगळी. कसलेली अंगं, व्यसन नाही की काही नाही. ताई, तुम्हाला सांगते, दर तीन महिन्यांनी ह्यांचं रक्तदान म्हणजे रक्तदान. कधी चुकायचं नाही. ढाली ठेवायला शोकेसमध्ये जागा उरली नाही, कपबशा खाली काढल्या मी.

ताई : शेवटची ढाल आम्हीच दिली त्यांना.

मास्तर : शहराबाहेरून मागवता येतील?

ताई : येतील. दोन तास लागतील. तुमच्या मुलीकडे आहेत का दोन तास?

बायको : झालंय काय तुम्हाला? ह्या रक्ताला काय धाड भरलीय?

मास्तर : तू वर जा. मी घेऊन येतो.

ताई : नका जाऊ, थांबा. मास्तर, मागच्या शिबिरात तुमचा तो शिडीवाला, सुई टोचताना मला म्हणाला, ताई, जरा जास्त काढा, म्हणजे नंबर लवकर उतरेल. मला वाटलं चेष्टा करतोय. आता वाटत नाही.

बायको : नंबर कसला?

मास्तर : फेसाचा.

बायको : नीट सांगा.

मास्तर : तेलाच्या आगीवर मारतो तो फेस. त्यात एक रसायन असतं. ते कुजत नाही, विरत नाही, अंगात गेलं की ठाण मांडून बसतं. स्टेशनच्या डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांचं रक्त तपासायला पाठवलं होतं. आकडे वाईट आले.

बायको : कधी?

मास्तर : झाली काही वर्षं.

बायको : तुमचा ड्रायव्हर किडनीच्या कॅन्सरने गेला, तो ह्यानेच का?

मास्तर : ह्यानेच असं छातीठोक सांगता येत नाही म्हणाले. ह्याने नाही असंही नाही.

बायको : आणि पोरीला त्या फेसाच्या ढिगात खेळायला सोडायचात. बर्फ म्हणून फोटो काढायचात.

मास्तर : साबणच आहे असं सांगायचे गं आम्हाला. नव्या मुलांसमोर मी स्वतः बोटभर चाटून दाखवायचो.

ताई : आणि ह्यावर औषध नाही.

मास्तर : नाही. रक्त दिलं की त्याबरोबर थोडं बाहेर जातं, एवढंच. आकडा हळूहळू उतरतो.

ताई : बाहेर जातं म्हणजे कुठे जातं?

मास्तर : आता ताई, तुम्हाला काय सांगायचं.

ताई : सांगा ना. बाईंना ऐकू दे.

मास्तर : तुमच्या फ्रिजमध्ये.

ताई : फ्रिजमध्ये मुक्काम असतो. जातं कुणाच्या तरी हातात, नळीतून.

बायको : आणि मी दारोदार सांगत फिरले, माझा नवरा किती जणांना जगवतो.

मास्तर : जगलीच ना माणसं? ते काही खोटं नाही. आणि पेढीने कधी नको म्हटलं नाही.

ताई : म्हणणारही नाही. कावीळ तपासतो, एड्स तपासतो. तुमचा फेस तपासायची सोय नाही, आणि असती तरी रक्त फेकलं नसतं. रक्तावाचून आज मेलेल्या माणसाला वीस वर्षांनी काही होत नाही.

बायको : मग आजच हात का अडला ह्यांचा?

मास्तर : माझी पोर आहे ती.

ताई : आधीच्यांनाही बाप असतील.

मास्तर : ताई, पाया पडतो तुमच्या. पलीकडच्या गावच्या पेढीला फोन तर करून बघा.

ताई : पलीकडचं गाव नदीच्या खालच्या अंगाला आहे मास्तर. विरत नाही म्हणालात ना? मग तुमच्या सरावाच्या मैदानात मुरलेलं पाणी आधी आमच्या विहिरींत आलं, मग नदीत, मग त्यांच्या नळात आणि त्यांच्या माशांत. त्यांचं रक्त कोरं असेल का? माझंही नसणार. तुमच्या मुलांचं जरा दाट आहे, एवढाच फरक.

बायको : ताई, पोरीच्या अंगात गेलंच, तर उतरेल ना? तीही देईल रक्त, बरी झाली की.

मास्तर : तिला द्यावं लागणार नाही.

बायको : का?

मास्तर : बायकांचं लवकर उतरतं म्हणाले डॉक्टर.

बायको : कशानं?

मास्तर : बाळाला पाजलं की.

बायको : म्हणजे बाळात उतरतं.

मास्तर : मी म्हणत नाही, डॉक्टर म्हणाले.

ताई : दूध तोडा असं मात्र कुणी सांगत नाही हं. पाजायचंच. दुधात चांगलंही पुष्कळ असतं.

बायको : ह्यांचे फेसाचे कपडे हातानं धुवायचे मी, आणि ही तेव्हा अंगावर प्यायची. दोन वर्षं पाजलं हिला, हौसेनं. माझा आकडा तुमच्यापेक्षा कमीच निघेल मग. चला, निदान मी तरी सुटले.

मास्तर : असं नको ना बोलू.

ताई : वरून फोन आहे. रक्त कुठे राहिलं विचारतायत. काय सांगू?

बायको : सांगा, निघालं.

मास्तर : अगं, ऐक जरा.

बायको : हात काढा. मोठी झाली की शिव्या घालेल ती नात, तुम्हालाही आणि मलाही. घालू दे. तिची आई आधी जगू दे.

ताई : सांभाळून न्या बाई. लिफ्ट बंद आहे, जिन्याने जा. मास्तर, तुम्ही कुठे निघालात?

मास्तर : वर. तिच्याजवळ.

ताई : दोन पिशव्या गेल्या. बदली रक्त घरच्यांनी द्यायचं, हा नियम तुम्हीच लोकांना समजावता.

मास्तर : आज नको. आज नाही जमणार मला.

ताई : मागच्या शिबिरात तुमचे तीन महिने व्हायचे होते, आता भरलेत. फ्रिज रिकामा आहे माझा. या, झोपा त्या खाटेवर.

मास्तर : सगळं कळलं तुम्हाला, तरी घेणार?

ताई : न घेऊन लोकांना काय देऊ?

मास्तर : कुणाला लावणार हे?

ताई : इतक्या वेळा आलात, कधी विचारलं नव्हतंत. बाही वर करा.