झाडू आणि ट्राम

“ट्राम धुवायला ठीक आहेस, चालवायला नाहीस,” बारा वर्षांपूर्वी साहेब ओफेलियाच्या नवऱ्याला म्हणाला होता. तो आवाज तिच्या कानातून गेला नव्हता. आज फिलाडेल्फियाच्या त्याच ट्रामवर तिचा नवरा पहिला काळा चालक होता. “माझं काही चुकलं तर तुला लाज नको, ओळख दाखवू नकोस,” असं त्यानं बजावलं होतं, म्हणून ती इतर प्रवाशांसारखी मागच्या बाकावर बसली होती. पुढच्या बाकावर दोन म्हाताऱ्या होत्या.

“झेल्मा, चर्च मागं गेलं की गं.”

“जाऊ दे. माझी ही तिसरी फेरी.”

“निघालीस कुठं?”

“कुठंच नाही. आपल्या माणसाच्या हातची गाडी बघतेय. आपल्या माणसांनाही गाडी चालवू द्या म्हणून सह्या गोळा करत दारोदार हिंडलो, ते उगाच का?”

“कशी चालवतो?”

“मांडीवरचं बाळ जागं होणार नाही, अशी. फक्त शेवटच्या थांब्यावर उतरला आणि सवयीनं थेट झाडूच उचलला.”

“अगं बाई. मग?”

“कंडक्टर म्हणाला, ‘अहो, ते काम आता तुमचं नाही.’ असा लाजला म्हणून सांगू.”

“गुणी दिसतो. लग्न झालं असेल का गं? माझी भाची आहे.”

ओफेलिया पुढं वाकली.

“भाचीला दुसरा बघा, मावशी. हा घरीही झाडतो, आणि हा माझा आहे.”